माझा झोपाळा गोळ्या खातो

मंडळी, मला अक्षरओळख नाही. मी बोलते, सूनबाई टाइप करते.

गेले दोन आठवडे माझी नात, म्हणजे सूनबाईची लेक रिया, गॅरेजमध्ये लोखंडी पाइप कापून उभी चौकट जोडत होती. वर दोन कड्या, त्यांत साखळ्या. मी विचारलं, "माझा झोपाळा का गं?"

"सरप्राइज आहे, आजी."

मी खुळी. रोज बेसनाचे लाडू नेऊन दिले. वर सांगितलं, साखळी लांब ठेव, पाय जमिनीला टेकले पाहिजेत माझे.

आज तिने मला गाडीत घालून डब्लिनच्या बाहेर एका शेतावर नेलं. चौकट तिथे उभी होती, पण साखळ्यांना पाटाऐवजी ताटाएवढी जाड पोलादी चकती लटकत होती.

"रायफलच्या प्रॅक्टिसचं टार्गेट आहे, आजी. मीच बनवलं." माझ्या कानांवर आवाज अडवणारी झाकणं चढवून ती मला लांब घेऊन गेली आणि तिने गोळी झाडली. ठण्ण आवाज झाला, चकती झुलायला लागली. माझ्या वाटणीचं तीच झुलली.

"मग झोपाळा नाही हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू इतकी हॅपी होतीस, मला नो म्हणवेना."

नेम मात्र चोख आहे हो पोरीचा. आजीलाच आधी टिपलं.

आत्ता हे सांगतेय, तर सूनबाईची बोटं थांबलीत. वर बघत नाही. म्हणजे हिलाही सगळं ठाऊक होतं.

तुम्हीच सांगा मंडळी, लाडू लेकीचे बंद करू की आईचे? सूनबाई, हेही लिही.