डावा हात

आमच्या बोर्ली पंचतनच्या लोहाराचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत होता. उजव्यावर मात्र रान माजलेलं. नव्या सुरीला धार लावली की तो ती डाव्या हातावरून अलगद फिरवायचा, निघालेल्या केसांवर फुंकर मारायचा आणि सुरी जमिनीवर ठेवून म्हणायचा, "उचला." हत्यार हातातून हातात दिलं की भांडण लागतं, अशी त्याची पक्की समजूत.

माझी खानावळ, त्यामुळे त्याच्याकडे जाणं नेहमीचं. ट्रकच्या जुन्या कमानीच्या पाट्यातून तो सुरी घडवायचा. काळपट, जड, जरा ओली राहिली की गंजणारी. पण सुरमईवर चालली की तुकडी पडल्याचं सुरमईलाही उशिरा कळावं.

त्याच्या शेडमध्ये बसला असतात, तर एक संवाद तुम्हीही ऐकला असता. लाल तापवून पाण्यात बुडवलेली सुरी घासून तो पुन्हा मंद निखाऱ्यावर धरायचा. तापताना पात्यावर रंग चढतो. तो पिकल्या भातासारखा झाला की झटकन काढायची. लवकर काढली तर पातं तडकतं, उशीर झाला तर धार टिकत नाही. भात्यापाशी बायको बसलेली.

"पिकला काय गं?"

"न्हाय. हिरवा हाय अजून."

"आता?"

"दम धरा की जरा! कुनाच्या लग्नाला जायचंय काय?... हां, काढा."

ही नवरा-बायकोची लाडीगोडी, असं मी समजत होतो.

ती तापाने गेली. दिवसकार्य झाल्यावर त्याने भट्टी पेटवली. त्याच सुमारास किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टला आपल्या भागात 'वारसा' असल्याचा शोध लागला. लोहाराचा सत्कार ठरला. शाल, नारळ, उंच टोपीतला शेफ, आणि आपलं भाषण आवडलेले प्रमुख पाहुणे. सत्कारासाठी घडवलेली नवी सुरी पाहुण्यांच्या हाती देण्याची वेळ आली तेव्हा यानं ती सतरंजीवर ठेवली. "उचला." पाहुणे पोट सांभाळत वाकले. फोटोत सगळ्यांची तोंडं होती, पाहुण्यांची फक्त पाठ. सुरी काचेच्या पेटीत घालून भिंतीवर टांगली.

पुढे त्याचीच नवी सुरी माझ्या खानावळीत तडकली. पात्याचा तुकडा आमच्या स्वयंपाकीणबाईंच्या तळहातात शिरला. त्यांची दोन बोटं अजून मिटत नाहीत.

मी तुटकी सुरी त्याच्यापुढे ठेवली. बराच वेळ तो तिच्या कडेवर अंगठा फिरवत राहिला.

"भट्टीनं डोळं खाल्लं, भाऊ. लाल दिसतो, काळा दिसतो. मधला रंग दिसत न्हाय. त्यो तीच बघायची."

"मग मी बसतो भात्यापाशी. मी सांगेन."

"तुमी भात विकत घेता, भाऊ," तो म्हणाला. "ती कापायची."

त्यानंतर तो दारोदार फिरला. बायको गेल्यावर केलेली प्रत्येक सुरी परत मागून आणली आणि घणाखाली मोडली. बाईंच्या दारातही जाऊन उभा राहिला. त्यांनीच आतून पाणी आणून दिलं, डाव्या हाताने.

उरली ती रिसॉर्टची. मी त्याला स्कूटरवर घेऊन गेलो. मॅनेजर हसून म्हणाला, "काका, ती कापायला नाहीच आहे. शोपीस आहे."

"मग लाकडाची करा की. ही तडकंल. कुनाच्या तरी हातात जाईल."

"कोणी हात लावत नाही हो तिला!"

परत येताना तो एकदाच बोलला, "तिच्याव माझं नाव टाकलंय त्यांनी."

भट्टी पुन्हा पेटली नाही. तो ओट्यावर बसून असायचा. कुणी कोयता धार लावायला आणला तर मान हलवायचा, न्हाय. शिमग्याच्या आधी गेला. रिसॉर्टने हार पाठवला. काचेतली सुरी अजून तिथेच आहे, खाली त्याच्या नावाची पितळी पाटी, तेवढी रोज पुसलेली.

शेवटची आंघोळ घालायला आम्ही चौघे होतो. डावा हात माझ्या बाजूला आला. मी पाणी ओतलं. मनगटापासून कोपरापर्यंत पांढरे केस आले होते, दाट. ते पाण्याने कातडीला चिकटले.