लाल खात्यातला पंचा

कुणाच्या जिभेला हाड नसतं, आमच्या शेजारच्या शिवाजीच्या हाताला नव्हतं. नळावर बादली पुढे सरकवली म्हणून त्याने एकाचा दात पाडला होता. घरात त्याची बायको राहीबाई, तिला मारायला तर कारणही लागत नसे. बोईसरच्या आमच्या चाळीत दोन खोल्यांमध्ये एकच भिंत. पलीकडे आवाज झाला की मी लाटण्याने ती बडवायचे. तो तेवढ्यापुरता थांबायचा आणि सकाळी नळावर माझ्याकडे डोळे वटारायचा. मीही वटारायचे. मी कुणाच्या बापाला भीत नाही.

तो बीडकडचा. आम्ही दोघं एकाच रंगाच्या कारखान्यात, मी पॅकिंगला आणि तो लाल खात्यात. लाल खात्यातला माणूस लांबून ओळखू येतो. घाम गुलाबी, थुंकी गुलाबी, उशीची खोळ गुलाबी. पंचा कितीही धुवा, पाणी लालच निघतं. त्यामुळे संडासात लाल दिसायला लागलं तेव्हा शिवाजीला नवल वाटलं नाही. दुखत तर नव्हतंच. पोटात गेलेला रंग बाहेर पडतोय, बरंच आहे, असं तो ऐटीत सांगायचा आणि खात्यातले बाकीचे माना डोलवायचे.

राहीबाईला मात्र कळलं होतं. कपडे तीच धुवायची. रंग पाण्यात सुटत राहतो. हा डाग वाळून तपकिरी, कडक व्हायचा. एकदा वाढता वाढता ती म्हणाली, "अहो, हे रक्त हाय. मूळव्याध आसंल. दवाखान्यात चला."

आधी ताट भिंतीवर आदळलेलं मी ऐकलं, मग ती. "मला रोगी ठरवतीस व्हय? रंग हाय त्यो." मी लाटणं घेऊन त्यांच्या दारात गेले, तेव्हा ती फुटलेला ओठ त्याच्याच पंच्याने पुसत होती. लाल पंच्यावर काही दिसलं नाही. "पडले," ती म्हणाली. लाटणं त्याच्या टाळक्यात घालावं इतका संताप आला मला.

नंतर तिने दवाखान्याचं नाव काढलं नाही. मुकाट्याने ताक, पालेभाजी वाढायची. तो ते सारून ठेचा मागायचा. भट्टीजवळच्या कामात पाणी प्यायचा नाही, आणि सकाळी कुंथत बसायचा. हळूहळू तोंड पांढरं पडलं, कारखान्याचा जिना चढताना धाप लागायला लागली. हात तेवढा चालूच होता.

मग लाल मालाची मागणी घटली आणि साहेबांनी त्याला निळ्या खात्यात टाकलं. घाम निळा झाला, नखं निळी, नवा पंचा निळा. संडासात मात्र लालच. इथं कुणाचीही ट्यूब पेटली असती. याचं डोकं फिरलं. त्या खात्यात विनोद नावाचा थट्टेखोर पोरगा होता. आपल्या कपड्यांत लाल पावडर तोच टाकतो, असं शिवाजीने ठरवून टाकलं आणि फावड्याचा दांडा त्याच्या डोक्यात घातला. विनोद कोसळला. शिवाजीने दुसऱ्या घावासाठी दांडा उचलला आणि स्वतःच खाली आला. आरडाओरडा ऐकून मी पॅकिंगमधून धावले. त्याची पॅंट मागून भिजलेली होती. निळ्या फरशीवर दोघांचं रक्त एकमेकांत मिसळलं होतं, आणि आता ते रंग आहे असं कुणी म्हणालं नाही.

दवाखान्यात मीही सोबत गेले. विनोदच्या डोक्याला टाके पडले, शिवाजीला रक्ताची बाटली लागली. राहीबाई आली ती ओठावर पदर दाबून.

"गुदाजवळच्या शिरा सुजल्यात, जोर केला की फुटतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वेळेवर आला असतात तर पाणी, भाज्या आणि औषधांवर भागलं असतं. आता बहुतेक त्या शिरांना आवळून रबराची कडी बसवावी लागेल. आणि दुर्बिणीने आतूनही बघू. रक्त दरवेळी मूळव्याधीचंच असतं असं नाही." शिवाजीला बोलायचं त्राण नव्हतं, म्हणून त्यांनी राहीबाईला विचारलं, "कधीपासून रक्त जातंय?"

राहीबाईने पदर खाली घेतला. ओठ पुन्हा फुटलेला होता, आदल्याच दिवशी.

"कुणाचं सांगू?" ती म्हणाली. "ह्यांचं का माझं?"

खाटेवरच्या शिवाजीने हात उचलायला बघितलं, पण त्याच हाताला सुई लावलेली होती. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढली. राहीबाई बसली आणि सांगायला लागली.