सरकते टक्के

भोपाळच्या आमच्या कारखान्यात, संगणक विभागात, माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाई स्क्रीनशी बोलतात. एखादा प्रोग्राम किती वेगाने चालतो हे तपासताना काळ्या स्क्रीनवर टक्के सरकू लागले, की त्यांचं सुरू होतं, "चल बाळा, चल."

ही चाचणी त्यांनीच बसवलेली. प्रत्येक फेरी संपली की तिला लागलेला वेळ आपोआप फाईलमध्ये उतरतो.

"टक्के तुमच्यासाठी आहेत, भाऊ," त्या मला सुनावतात. "ते दिसले नाहीत, तर तुम्ही मशीन अटकलं समजून बंद करता. खरं काय ते फाईलमध्ये."

परवा भांडारातला माल शोधणाऱ्या त्यांच्या स्वतःच्या प्रोग्रामची परीक्षा होती. त्यात तो मागे पडला, तर साहेब बाहेरचा प्रोग्राम विकत घेणार होते. सगळ्या फेऱ्या छान गेल्या, शेवटची मात्र रखडली. टक्के एका जागी थांबले आणि बाईही गप्प झाल्या. बऱ्याच वेळाने फेरी संपली आणि तिचा वेळही फाईलमध्ये उतरला.

खोलीत आम्ही दोघंच होतो. मी हळूच म्हणालो, "मॅडम, एवढी फेरी काढून टाका ना. कोणी बघितलंय?"

"तुम्ही बघितलंत की."

माझे कान तापले. मी त्यांच्या भल्याचं बोलत नव्हतोच. निकाल साहेबांना सांगायचं काम माझं होतं, आणि वाईट बातमी न्यायला मीच घाबरत होतो.

बाईंनी फाईल होती तशी साहेबांना पाठवली. मग खुर्ची पुढे ओढून, "आता बघते कुठे अडतोस ते," म्हणत त्यांनी प्रोग्राम पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.