जार गेला तेव्हा अब्बा बंदरात होते

लग्न होऊन दुबईला आले तेव्हा माझ्या ट्रंकेत तळाशी इतिहासाचं पुस्तक होतं. मॅट्रिकला बाकीचे विषय सुटले होते, इतिहासानं मात्र दगा दिला होता. तेवढ्यात लग्न ठरलं आणि ते तसंच राहिलं. इकडे आल्यावर वर्षभरानं मी यांना भीत भीत म्हटलं, "परत बसू का परीक्षेला?" हे एका बोट कंपनीच्या एजंटाकडे कारकून होते. म्हणाले, "बस की. मार्चमध्ये मुंबईच्या बोटीचं तिकीट काढून देतो."

साठच्या दशकातली ही गोष्ट. दुबईच्या देरा भागात, खाडीपासून दोन गल्ल्या आत आमचं घर होतं. दोन खोल्या, मध्ये अंगण आणि वरचा वारा खाली खोलीत आणून सोडणारा चौकोनी मनोरा. सकाळी बलुची पाणीवाला गाढवावरून डबे आणून रांजण भरून जाई. घरात आम्ही दोघं आणि माझे सासरे. त्यांना सगळे अब्बा म्हणत. रत्नागिरीकडच्या आमच्या गावातून कोवळ्या वयात बोटीवर गेले, ते केस पांढरे होईपर्यंत खलाशीच होते. सासूबाई गेल्यावर मुलाकडे राहायला आले. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांचं घरातलं बोलणं फार थोडं. मीठ कमी आहे, वारा फिरलाय, अजान झाली का, एवढ्यावर दिवस निघून जाई. मला त्यांचा धाकच वाटायचा.

मला मोठ्यानं वाचल्याशिवाय काही पाठ होत नाही. एका दुपारी मनोऱ्याखाली तांदूळ निवडता निवडता मी घोकत होते, "रशियात झारची अनियंत्रित राजवट होती. रशियात झारची अनियंत्रित राजवट होती."

अब्बा दाराशी बसून मासे धरायचा पाग विणत होते. मान वर न करता म्हणाले, "जार गो. झार नाही."

मी पुस्तकातून मान वर केली. तेच पुढे म्हणाले, "त्याचा फोटो सगळ्या हापिसांत असायचा. मग एक दिवस काढला."

"तुम्हाला कसं माहीत, अब्बा?"

"मी होतो ना तिथं," ते म्हणाले. मासळीबाजारात जाऊन आलो, असं सांगावं तसं.

मला वाटलं, ते दुसऱ्याच कुठल्या राजाबद्दल बोलतायत. पण त्यांनी बंदराचं नाव सांगितलं, 'लादिवस्तक'. मी पुस्तकातला नकाशा उघडला. रशियाच्या पार उजव्या टोकाला बोट ठेवलं. व्लादिवोस्तोक. ते वाकून बराच वेळ बघत राहिले आणि मग बोटानं समुद्रातून रेघ ओढत खाली आले. "हां. इथून असे आत शिरलो. कलकत्त्याहून चहा घेऊन."

संध्याकाळी हे घरी आले तेव्हा मी सांगितलं. यांना खरंच वाटेना. "अब्बा, मला कधी बोलला नाहीत ते?"

"तू कधी विचारलंस?" अब्बा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून आमची शाळा सुरू झाली. मी वाचायची, ते ऐकायचे, मध्येच हात वर करायचे आणि सांगायला लागायचे. पुस्तकात क्रांतीची सहा कारणं होती. चौथं माझ्या डोक्यातून नेहमी निसटायचं. 'वाहतूक व्यवस्था कोलमडली होती.'

"म्हणजे काय?" अब्बांनी विचारलं.

"म्हणजे रेल्वे वगैरे नीट चालत नव्हती."

"एवढंच लिवलंय?" ते उठले. स्वयंपाकघरातून रिकामे डबे, पातेली, माझा पाटा, जे हाताला लागेल ते आणून त्यांनी अंगणात रचलं. डोक्याइतका ढीग झाला. म्हणाले, "हा धक्का. याच्या शंभरपट माल. कापूस, लोखंड, काटेरी तारा, खोक्यात भरलेल्या मोटारी. सगळ्यावर बर्फ. आमचा चहा उतरवायला जागा नव्हती, म्हणून पंधरा दिवस धक्क्याला बोट बांधून नुसते बसलो. आणि तिकडे आत, दूरच्या शहरांत लोक पावासाठी रांगेत उभे. माल बंदरात, माणसं उपाशी, मधे गाडी नाही. आमचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, तेव्हाच आम्हाला म्हणाला होता, ज्या राजाला आपलं गोदाम सांभाळता येत नाही तो टिकत नाही."

चौथं कारण मी पुन्हा कधी विसरले नाही.

शेजारी एक अरब बाई राहायच्या. माझ्या आईच्या वयाच्या, आणि कान तिखट. अंगणात भांडी का रचलीत हे बघायला आल्या, त्या रोज दुपारच्या असरच्या नमाजानंतर येऊ लागल्या. कॉफीची किटली त्यांची, खजूर त्यांचे, गोष्ट आमची. अब्बा हिंदीत सांगायचे, अडलं तर अरबी घालायचे.

जार गादी सोडून गेल्याची बातमी ज्या दिवशी आली तो दिवस तर त्यांना तीनदा सांगावा लागला. सकाळी बंदरातल्या सगळ्या बोटींनी एकदम भोंगे दिले. अब्बांना वाटलं कुठे आग लागली. धक्क्यावर बघतात तर हमाल एकमेकांना मिठ्या मारतायत. रोज चाबूक घेऊन फिरणारा पोलीस कुठे दिसेना. कस्टमच्या इमारतीवर जारची खूण, दोन डोक्यांचा लोखंडी गरुड होता. एक म्हातारा कारकून शिडी लावून वर चढला आणि पान्यानं त्याचे बोल्ट सोडवायला लागला. बोल्ट गंजलेले. ते कसे फिरवायचे हे खालून शेकडो माणसं त्याला सांगत होती. दुपारपर्यंत गरुड एका पंखावर लटकत राहिला.

"मग पडला?" शेजारीण.

"पडला. बर्फात. पोरं त्याच्यावर बसून घसरायला लागली."

तेवढ्यात एक बाई बोटीवर आली आणि खुणा करून लाल कापड मागू लागली. सगळ्यांनाच छातीला लाल फीत लावायची होती, आणि गावात लाल कापड शिल्लक नव्हतं. अब्बांकडे आईनं दिलेली लाल लुंगी होती. त्यांनी ती दिली. बाईनं तिथेच दातांनी फाडून तिच्या पट्ट्या केल्या, पहिली पट्टी अब्बांच्याच कोटाला लावली. धक्क्यावर एका दाढीवाल्या सैनिकानं ती बघितली आणि अब्बांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. हे सांगताना अब्बा अजून लाजले. मग काळा पाव, मीठ, आणि अब्बांच्याच बोटीवरून काढलेला चहा. पितळेच्या मोठ्या बंबातून ग्लास भरभरून. भाषा कुणाला कुणाची येत नव्हती, पण गाणी सगळे म्हणत होते.

शेजारणीनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "यानी, त्यांचा शेख खलास?"

"खलास."

"मग नवा शेख कोण?"

"कोणीच नाही. सगळे भाषणं करत होते. पेटीवर चढायचं आणि बोलायचं. आमच्या सारंगालाही चढवलं. तो मराठीत बोलला, टाळ्या पडल्या."

"पण दोघांचं भांडण झालं तर न्याय मागायला जायचं कुणाकडे?"

अब्बा विचारात पडले. "तेच सारंगानं भाषणात विचारलं होतं," ते म्हणाले. आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. आतल्या खोलीतून यांच्याही हसण्याचा आवाज आला.

त्यांची गोष्ट तिथं संपायची. चार दिवसांनी माल उतरला आणि बोट निघाली. पुढे त्या देशाचं काय झालं, त्यांना ठाऊक नव्हतं. त्यानंतर पुन्हा त्या बंदरात त्यांची बोट कधी लागली नाही. एक दिवस त्यांनीच विचारलं, "पुढचं पुस्तकात आहे का?"

मी पान उलटलं. त्या दिवशी मी मास्तरीण आणि ते विद्यार्थी. त्याच वर्षीची दुसरी क्रांती, मग आपसातली लढाई, दुष्काळ. मी हळूहळू वाचत गेले. राजाला आणि त्याच्या कुटुंबाला गोळ्या घातल्या, ही ओळ आली तेव्हा त्यांनी हात वर केला.

"कुटुंब म्हणजे?"

"बायको आणि मुलं. चार मुली, एक मुलगा."

त्यांच्या हातातला पाग खाली आला. "पोरांनी काय केलं होतं?"

पुस्तकात ते नव्हतं. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "त्या दिवशी कुणाच्या मनात असं नव्हतं गो. खरंच नव्हतं. मी तोंडं बघितली होती त्यांची." मग स्वतःच म्हणाले, "वाच पुढे. आलंय तर पुरं कळू दे."

मार्चमध्ये मी बोटीनं मुंबईला आणि तिथून रत्नागिरीला गेले. पेपरात रशियन राज्यक्रांतीची कारणं विचारली होती. चौथ्या कारणावरच मी दीड पान लिहिलं. गोठलेला धक्का, चहा, कापूस, सगळं. नकाशाचा प्रश्न राहून गेला आणि घंटा झाली. रडतच बाहेर आले.

तरी पास झाले. इतिहासात पन्नासला थोडे कमी, पण पास. निकाल लागला तेव्हा मी परत दुबईत होते. भावानं तार केली होती. ती घेऊन हे ऑफिस अर्धवट टाकून धावत आले. अब्बांनी तार हातात घेतली, उलटसुलट बघितली, आणि चपला घालून बाहेर पडले. आम्हाला कळेना, गेले कुठे. तासाभरानं आले ते हलव्याचा मोठा पत्र्याचा डबा काखेत घेऊन. गल्लीतलं एक दार त्यांनी सोडलं नाही. इराणी पाववाला, बलुची पाणीवाला, सगळ्यांना थांबवून सांगत होते, "माझी सून मॅट्रिक झाली. माझ्याकडून शिकली."

शेजारणीनं दारातच जीभ हलवून असा लांब हर्षनाद केला की पाणीवाल्याचं गाढव बुजलं आणि दोन डबे सांडले. अब्बांनी गाढवालाही हलवा भरवला.