अळवुमामांची भिंत

तोंड दाखवायला आलेल्या पोराला अळवुमामा आधी म्हणत, "चप्पल काढ." मग घरातल्याच दवाखान्याच्या भिंतीला टाचा लावून त्याला उभं करत, डोक्यावर पट्टी टेकवत आणि पेन्सिलीने खूण करत. अळवु म्हणजे तमिळमध्ये माप. राजवाड्यामागच्या गल्ल्यांतल्या आम्हा मराठी पोरांनी दातांच्या डॉक्टरांना ठेवलेलं हे नाव त्यांच्या कानावर गेलं होतं, आणि आवडलंही असावं.

बाराव्या वर्षी माझा खालचा जबडा पुढे निघाला. वर्गातल्या मुली हनुवटी काढून माझी नक्कल करत. ऑपरेशन करून टाका म्हणून आई मामांच्या मागे लागली. मामा ऐकेनात. पोर उंच होतं तोवर जबडाही वाढतो, आज मागे घेतला तर उद्या पुन्हा पुढे येईल, असं त्यांचं म्हणणं. "उंची थांबूं दे मा, मग बघूं," एवढंच.

घरात माझ्या उंचीचं कोण कौतुक! आजी दृष्ट काढायची. मी मात्र रोज देवाला विनवायची, मला बुटकी ठेव. स्वतःच्याच अंगात कोंडल्यासारखं व्हायचं. पळणार तरी कुठे? जबडा बरोबरच येणार.

शेवटी मी युक्ती काढली. पायघोळ पावडैच्या, म्हणजे परकराच्या, आत गुडघे वाकवले तर कोणाला दिसणार? खूण बरोबर जुन्या खुणेवर पडली. मनाने मी ऑपरेशनला चेन्नईला पोचलेसुद्धा. मामा माझ्या पायांकडे बघत होते.

"पावडै वाढली काय? गेल्या खेपेस घोट्याच्या वर होती, आज जमीन झाडते."

मला रडू फुटलं. ते रागावले नाहीत. स्टूल ओढून शेजारी बसले.

"तुला अडकवून ठेवायला मला बरं वाटतें काय? पण वाकून उंची थांबत नाही मा. सरळ उभी राहा."

कॉलेजात गेल्यावर एकदाची उंची थांबली. ऑपरेशन झालं, चेहरा जागेवर आला. पण उंची चोरता चोरता पाठीला आलेलं पोक काही गेलं नाही. रस्त्यात मी दिसले की मामा स्कूटर हळू करून "सरळ!" म्हणत आणि पुढे जात. मला राग यायचा आणि बरंही वाटायचं.

परवा मामा गेले. त्यांच्या दारात चप्पल काढली. आत बसायला जागा नव्हती. मी खुणांच्या त्या भिंतीपाशी गेले, टाचा टेकवल्या, गुडघे ताठ केले आणि डोक्यावर पट्टी येईल म्हणून तशीच थांबले.