मोसंबीच्या टेम्पोचा पहिला सेट

माझ्या मायने बरीच वर्षं भंगार निवडलं. जालन्यात लोखंडी सळ्या बनतात. त्यासाठी परदेशातून कंटेनर भरून भंगार येतं आणि भट्टीत टाकायच्या आधी त्यातलं रबर, चिंध्या, प्लास्टिक हाताने वेगळं करावं लागतं. ते हात बायांचे असतात. आमचं गाव तीर्थपुरीजवळ. तिथे हमाली करता करता बापाची पाठ गेली, मजुरी बंद झाली, म्हणून आम्ही जालन्याला आलो आणि कारखान्यांच्या मागे एका पत्र्याच्या खोलीत राहिलो. बाप खाटेवर आणि माय भंगाराच्या शेडमध्ये. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की भिंतीला पाठ टेकवता यायची नाही.

मला त्या दिवसांतली भूक फारशी आठवत नाही. भीती आठवते. भंगारात कधी कधी बंद तोंडाचं नळकांडं असायचं. ते तसंच भट्टीत गेलं तर फुटायचं. मी शाळेत असताना कारखान्यांच्या बाजूने धडाड आवाज आला की माझा हात पाटीवरच थांबायचा. गुरुजींचं शिकवणं चालूच असायचं. माय दारात दिसेपर्यंत मी जेवायला बसायचे नाही.

ती आली की पदराची गाठ सोडायची. गाठीत कधी कधी एखादा प्लास्टिकचा ठोकळा असायचा.

"घे माय," ती म्हणायची, "गोऱ्याच्या लेकराचं खेळणं."

पहिला ठोकळा लाल होता, एका कोपऱ्यावर वितळलेला. दुसरा निळा, तो बऱ्याच महिन्यांनी आला. मी निळा लालवर ठेवून दाबला आणि टक् आवाज झाला. दोन वेगळ्या कंटेनरमधून, कदाचित दोन वेगळ्या देशांतून, तेल आणि राख खाऊन आलेले ते दोन तुकडे एकमेकांत असे बसले की नख घालून काढावे लागले. वरच्या प्रत्येक गोल बटणावर कंपनीचं नाव होतं, इतकं बारीक की ते बोटालाच आधी लागायचं.

मी बी.कॉम. झाले. आमच्या घरातली पहिली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आमच्याकडे पोरगी शिकली की लोक म्हणतात, नशीब काढलं. नशीब नाही, अभ्यास केला.

कॉलेजातही ठोकळ्यांचं वेड सुटलं नाही. शिकवण्या घेऊन पैसे साठवले आणि संभाजीनगरच्या मॉलमधून पहिला सीलबंद सेट आणला. पुढे मोबाईलवर शौकिनांचे ग्रुप सापडले. नवा सेट आला की मी तिथे मराठीत माझं मत लिहायचे. एकाने विचारलं होतं, "ताई, लेकरासाठी घेता का?" मी लिहिलं, "नाही, माझ्यासाठी. लेकरांनी आपापले घ्यावेत."

नव्या सेटबद्दल माझी मतं कडक आहेत. हल्ली मोठ्या माणसांचे सेट काळ्या खोक्यात येतात. काळं खोकं म्हणजे हे खेळणं नव्हे, दिवाणखान्यात ठेवायची वस्तू, हे सांगायची रीत. फुलांचे गुच्छ, जुन्या गाड्या, प्रसिद्ध इमारती. दिसतात देखणे, पण ते पाहून मला धास्ती वाटते की असं चालत राहिलं तर ठोकळे काचेच्या कपाटात जातील आणि लेकरं बाहेरून बघतील. स्टिकरचा तर मला रागच आहे. एवढं महागाचं घ्यायचं आणि गाडीचा नंबर आपणच चिकटवायचा, तोही वाकडा. पण खोक्यावरचं चित्र काढणाऱ्याला मात्र मानलं. आत काय आहे ते दुकानाच्या दारातूनच कळतं, एक अक्षर न वाचता.

आणि ब्रँड म्हणाल, तर माझ्या मते तो खोक्यावर नसतोच. जुना वितळका ठोकळा आजच्या सेटच्या ठोकळ्यावर टक् बसतो, तो ब्रँड. नाव पुसलं गेलं तरी बोटाला कळतं.

या मतांमुळेच मला नोकरी लागली आणि तिच्यामुळेच पुन्हा भीती लागली.

औद्योगिक वसाहतीत बादल्या, मग, सुपल्या बनवणारा एक प्लास्टिकचा कारखाना आहे. मी तिथे हिशोब बघायच्या जागेसाठी गेले होते. शेठच्या टेबलावर ठोकळे पडलेले. परगावच्या एका बंद पडलेल्या कारखान्याकडून त्यांनी साचे स्वस्तात उचलले होते. मी बोलता बोलता दोन ठोकळे जोडले आणि तोंडातून निघून गेलं, "याला पकडच न्हाई."

"म्हंजे?"

"म्हंजे लेकरू एकदा खेळंल, दुसऱ्यांदा फेकून देईल. दाण्यात जुनं प्लास्टिक दळून टाकता का?"

शेठ मशीनवरच्या मिस्त्रीकडे बघायला लागले. मिस्त्री छताकडे. बादलीच्या दाण्यात, म्हणजे वितळवायच्या कोऱ्या प्लास्टिकच्या बारीक गोळ्यांत, दळलेला जुना माल मिसळायची त्यांची जुनी सवय होती. बादलीला ते चालतं. ठोकळ्यात केसाएवढा फरक पडला तरी पकड जाते.

मला हिशोबाची जागा मिळाली नाही. शेठ म्हणाले, "मॅडम, हे तुम्हीच बघा. सेट बनवा, खोकं बनवा, नाव ठेवा. दिवाळीचा माल आहे. पण सांगून ठेवतो, जुन्या जालन्यातले खेळण्यांचे होलसेलवाले काका हा म्हणले तर ठोकळ्यांची लाइन चालू. न्हाई म्हणले तर साचे भंगारात, आन् तुम्ही तुमच्या घरी."

भंगार हा शब्द त्यांनी सहज वापरला.

पहिला पगार हातात आला त्या दिवशी मी मायला शेडमधून काढलं. तिच्या हातावर कापल्याच्या इतक्या जुन्या खुणा होत्या की नवी कोणती ते कळायचं नाही. ती म्हणाली, "पक्कं असंल तर सोडते. पुन्हा ठेकेदाराच्या पाया पडायला लावू नको."

"पक्कं हाय," मी म्हणाले. पक्कं काहीच नव्हतं. तिथून पुढे माझा प्रत्येक दिवस त्या एका खोट्या शब्दाखाली गेला. ठोकळा सैल निघाला तर माय शेडमध्ये, हे इतकं सरळ होतं.

सेट कशाचा करायचा यावर शेठशी जुंपली. त्यांना खोक्यावर सोनेरी केसांचं परदेशी पोरगं पाहिजे होतं आणि वर इंग्रजीत काहीतरी 'सुपर'.

"शेठ, त्या पोराला जालन्यात कोण ओळखतं?"

"ओळखायचं कशाला? भारी दिसतं."

"आपल्याकडं लेकरू रोज काय बघतं? मोसंबीनं भरलेला टेम्पो. तोच करू. गोल दाण्यांचाबी साचा हाये, ते पिवळट हिरवे काढू, तीच मोसंबी. हौदात भरायची, उतरवायची, पुन्हा भरायची."

"टेम्पो कोण इकत घेईल, मॅडम? दारात उभा असतो फुकट."

शेवटी पोरगं गेलं, 'सुपर' राहिलं. मी तेवढ्यावर गप्प बसले. खोकं पांढरं ठेवलं, मधोमध टेम्पो, त्या 'सुपर'खाली नाव मराठीत. स्टिकर एकही नाही.

ठोकळ्यांनी मात्र जीव काढला. शुद्ध दाणा घेतला तरी सकाळी निघालेला ठोकळा घट्ट आणि दुपारी, कारखान्याचा पत्रा तापल्यावर निघालेला सैल. मिस्त्रीने साचा गार करणारं पाणी वाढवलं, ठोकळा साच्यात ठेवायचा वेळ वाढवला. मी कुठेही असले तरी ओढणीच्या टोकाला दोन ठोकळे बांधलेले असायचे आणि बोटं सारखी जोडून काढून बघायची. जेवताना माय म्हणायची, "जप करून राह्यली का काय गं?" शेवटी पकड आली. सकाळची आणि दुपारची सारखीच आली. मी बॅचमागून बॅच तपासली आणि तरी भीती गेली नाही, कारण काकांची एक रीत शेठने मला उशिरा सांगितली.

"ते कुठलंबी खेळणं काउंटरवरून खाली टाकतात. फुटलं की परत. बोलणंच न्हाई."

"शेठ, ठोकळ्याचा टेम्पो खाली पडला की सुटणारच. जगातला कुठलाबी सुटतो."

"मंग तुम्ही बघा," शेठ म्हणाले आणि फोन उचलला.

ठरलेल्या दिवशी दुपारी मी जोडलेला टेम्पो मांडीवर आणि खोक्यांची पिशवी पायाशी घेऊन ऑटोत बसले. मोंढ्याच्या वळणावर खड्डा आला आणि टेम्पोचा हौद निसटला. मी जोडला. पुढच्या खड्ड्यात त्याची चाकं निखळली. मी ठोकळा बोटांत धरला तर तो साबणासारखा निसटला. मिस्त्रीला फोन लावला.

"ताई, पोचलात का?" तो खुशीत होता. "सकाळी आल्या आल्या सगळ्या मालाला स्प्रेची चमक मारली. काकांकडं चालला म्हणून. कसा झळकून राह्यला ना?"

आमच्याकडे बाजारात जाणाऱ्या प्रत्येक बादलीला सिलिकॉनचा स्प्रे मारून फडक्याने पुसतात. धूळ दिसत नाही, बादली नवी कोरी दिसते. पण त्या बुळबुळीत स्प्रेने ठोकळ्याची पकड जाते. मिस्त्रीने मायेनेच केलं होतं. खोकी उघडून आतल्या पिशव्यांतले ठोकळेसुद्धा त्याने चमकवले होते.

परत जावं तर काका सुरतेला निघणार होते. ऑटोवाल्याने विचारलं, "ताई, तब्येत बराबर हाय ना?" मी हो म्हणाले. कानात मात्र शाळेतला तो धडाड आवाज घुमत होता.

काकांचं दुकान गल्लीत, तीन पायऱ्या चढून. डोक्यावर टांगलेल्या बॅटी, बाहुल्या, प्लास्टिकच्या बंदुका. मी नमस्कार केला आणि पहिलंच बोलले, "काका, एक बादली पाणी आणि धुण्याची पावडर मिळंल का?"

काकांनी चष्मा खाली केला. "बेटा, खेळणं विकायला आली का भांडे घासायला?"

"आधी घासते. मंग विकते."

"मेरेकू आधे घंटे में निकलना है."

"तोवर वाळतंय."

गिऱ्हाइकं हसली. मी पायरीवर बसून एक सेट फोडला आणि ठोकळे बादलीत चोळले, निथळले, पुन्हा धुतले. मग ओढणी पायरीवर पसरून त्यावर मांडले. मे महिन्यातलं ऊन होतं, पाणी बघता बघता उडालं. मागून एक बाई म्हणाली, "बी.कॉम.ला हेच शिकवलं का?" तिला माझी डिग्री कशी कळली कोण जाणे. मी धूत असताना काका शेठशी फोनवर बोलले, तेव्हा ऐकलं असेल.

"शिकवलं नसतं तर धुवायचं हेबी कळलं नसतं, मावशी," मी म्हणाले. आवाज माझा मलाच बारीक वाटला.

टेम्पो जोडून काउंटरवर ठेवला. पकड परत आली होती, बोटांना कळलं. काकांनी टेम्पो उचलला, इकडून तिकडून बघितला आणि मला काही म्हणायची फुरसत न देता खाली सोडला. फरशीवर ठोकळे उडाले. मोसंबी घरंगळत बॅटींच्या गठ्ठ्याखाली गेली.

"टूट गया," काका म्हणाले.

"तुटला न्हाई, सुटला." मी गुडघ्यावर बसून एकेक गोळा करत होते आणि वर न बघता बोलत होते. "कुठल्याबी कंपनीचा सुटतो. सुटलाच पाह्यजे. न्हाई तर लेकरू दुसऱ्यांदा काय जोडंल? तडा गेलेला एक ठोकळा दाखवा, मी आत्ता उठून जाते."

ठोकळे काउंटरवर ओतले. काकांनी एक उचलला, उजेडात धरला. दुसरा उचलला. दाबले. नखाने काढायला बघितले, निघेनात, तर दातात धरून काढले. पुन्हा दाबले. मग तिसरा लावला. एक गिऱ्हाईक म्हणालं, "काका, बॅटीचा भाव?" काका म्हणाले, "रुक जा." चाकं लावली. हौद बसवला. सगळ्यात शेवटी त्यांनी मोसंबी भरली, एकेक दाणा दाबून. मग चेहरा वाकडा केला.

माझ्या डोळ्यांपुढे मायची शेड आली.

"ये टेम्पो इधर का नहीं है," काका म्हणाले.

"का?"

"हौदाच्या वर ढीग पाह्यजे ना, बेटा! आपल्याकडं टेम्पो असा बराबर भरून कधी गेल्ता का? मोसंबी रस्त्यावर सांडली पाह्यजे." मग त्यांनी टेम्पो गल्ल्याशेजारी ठेवला, स्वतःकडे. "मोसंबीचे दाणे वाढव. दिवाळीच्या आधी माल पाठव. आन् तुझ्या मिस्त्रीला म्हणावं, चमक बादलीला मार, बापा."

मी पायऱ्या उतरले तेव्हा पाय हलके झाले नव्हते. भीती इतक्या जल्दी उतरत नाही. उरलेली खोकी परत नेली, सगळा माल धुवायला लावला. मिस्त्री तोंड फुगवून धुवायला बसला. बादल्यांवर मात्र तो अजून स्प्रे मारतो.

दिवाळीत आमचा मोसंबीचा टेम्पो जालन्याच्या दुकानांत लागला, वर ढीग असलेला. लाइन चालू राहिली, दुसऱ्या सेटचं काम सुरू आहे आणि डिझाइन मीच करते. माय पुन्हा शेडमध्ये गेली नाही.