बाबाजींचा अंगठा

धरमपेठेतल्या एका खासगी हॉस्पिटलात मी सहा वर्षं नर्स होते. ती नोकरी सोडून कामठीच्या एका वस्तीत आरोग्य केंद्रातर्फे घरोघर जाऊन रुग्ण पाहायचं काम धरलं, तेव्हा आईला ते पटलं नाही. "एवढं शिकून दारोदार फिरणार काय वं तू?" असं तिनं विचारलं. वॉर्डातून बरे होऊन गेलेले लोक तीच दुखणी घेऊन परत यायचे. मधल्या दिवसांत त्यांच्या घरी काय होतं, ते मला पाहायचं होतं.

पहिले काही महिने बरीचशी दारं अर्धीच उघडायची. एका घरातली सून मात्र मला स्वतःहून बोलवायला आली. तिचे सासरे, सगळे त्यांना बाबाजी म्हणत, जन्मभर पॉवरलूमवर काम केलेले. त्यांना शुगर होती आणि पायातून वास येत होता.

मी गेले तेव्हा बाबाजी खाटेवर पाय धोतरात झाकून बसले होते.

"मले काई दुखत नाई," ते म्हणाले.

"दुखत नाही, तेच वाईट आहे, बाबाजी. शुगरनं पाय बधिर होतात. दाखवा तरी."

"नाई. तू लेकीच्या वयाची. लेकीनं बापाच्या पायाले हात लावू नाई. आमच्यात पाप असते."

त्यांना खरंच संकोच वाटत होता, म्हणून मी जोर केला नाही. शुगर तपासली, चहा घेतला आणि निघाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी ते वैतागले. "काहून वं रोज येऊन राहिली?"

मी म्हटलं, "बाबाजी, मी पायाले हात लावत नाही. जखमेले लावते. जखम काही तुमची नाही, बाहेरून आली आहे."

ते हसले आणि धोतर वर घेतलं. अंगठ्याखाली तारेचा बारीक तुकडा रुतलेला होता, सभोवती सगळं काळवंडलेलं. कधी रुतला, त्यांना पत्ताच नव्हता. त्याच दुपारी मी त्यांना ऑटोतून आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांनी तार काढली, जखम साफ केली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, अजून थोडा उशीर झाला असता तर अंगठा कापावा लागला असता.

मग दिवसाआड ड्रेसिंग. जखम भरायची आणि पुन्हा चिघळायची. कारण सुनेनं सांगितलं: बाबाजींच्या मुलाचे यंत्रमाग घरामागच्या शेडमध्ये चालत, आणि बाबाजी रोज तिथे अनवाणी फेरी मारत. ज्या मागानं पोसलं त्याच्याजवळ चप्पल घालून जायचं नाही, हा त्यांचा नेम. मी समजावलं, डॉक्टरांनी समजावलं, पण ते ऐकेनात. शेवटी सुनेनंच वाट काढली. तिनं जाड तळाच्या मऊ चपला नव्या आणल्या, त्यांना हळदकुंकू लावलं आणि शेडच्या दाराशी ठेवल्या.

"ह्या बाहेरच्या नाईत, बाबाजी. मागाच्याच आहेत. इथून बाहेर जाणार नाईत."

बाबाजींनी वाकून चपलांना हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. मग पाय आत सरकवले.

अंगठा भरायला तीन महिने लागले. शेवटची पट्टी सोडली त्या दिवशी खाली गुलाबी, कोवळी कातडी दिसली आणि मला इतका आनंद झाला की मी सुनेचा हात घट्ट धरला. वॉर्डात शेकडो जखमा भरताना मी पाहिल्या होत्या. पण ही कशामुळे चिघळली आणि कशामुळे भरली, ते पहिल्यांदा पुरतं माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात बाबाजी स्वतः चालत केंद्रावर आले. सोबत त्यांच्याच वयाचे दोघे जुने विणकर, जरा लाजलेले.

"यायले बी शुगर आहे," बाबाजी म्हणाले. "पाय दाखवत नव्हते. मी म्हटलं, चला गा, आपली पोरगी आहे."

दोघांनी बाकावर बसून चपला काढल्या. मी हात धुतले आणि त्यांच्यासमोर खाली बसले.